दोन भोकांचा लॅपटॉप

१८ मार्च, बुधवार
भाकरी थापत होते तर गौरी नाचतच आली. हातात पुठ्ठ्याचा खोका. "आज्जी, आला बघ!" नवा लॅपटॉप. विलासनं लेकीला घेऊन दिला. खोका केवढा, आत वस्तू केवढी! आपण कडक भाकरी करून ठेवतो तेवढीच जाडी. भाकरीला निदान पापुद्रा तरी असतो. हातात दिला तर वजन लागेना. म्हणलं, "दुकानदारानं आतलं सामान काढून घेतलं काय गं?" हसून हसून पोटाला हात लावला पोरीनं. तिला असं हसताना बघितलं की माझं जेवण झाल्यासारखं होतं.

पण वस्तू मला आवडली नाही ती नाहीच. लॅपटॉप म्हणावा तर जुना. मांडीवर घेतला की मांडीला कळायचं. दोन्ही अंगाला भोकंच भोकं. एकात माऊस, एकात पेनड्राइव्ह, एकात टीव्हीची वायर, एकात इंटरनेटची, आणि एकात काय घालायचं ते गौरीला पण ठाऊक नव्हतं. असू द्यावं घरात एखादं जास्तीचं. आला गेला, सोय होते. तो मोडनिंबला माझ्या भाच्याच्या पोरीला कॉलेजला दिला मागच्या आठवड्यात. आणि ह्या नव्याला सगळी मिळून दोन भोकं, तीपण एकाच बाजूला, मुंगीच्या बिळाएवढी. पेनड्राइव्ह त्यात जात नाही. मग ते लावायला वेगळं एक शेपूट घ्यायचं. म्हणजे घर लहान बांधायचं आणि न्हाणी शेजाऱ्याच्यात ठेवायची.

"एवढा हलका कशाला पाहिजे?"
"पाठीवर टाकून कुठंबी जाता येतं की."
"कुठं जायचंय?"
सूनबाईनं (पुढं सु. लिहीन, हात दुखतो) भांडी आपटली. "सांग की आता आज्जीला."

बंगळूरच्या कंपनीनं बोलावलंय. गौरी शिकली त्याच कापडाच्या डिझाइनचं काम. सहा एप्रिलला सोमवारी हो का नाही कळवायचं. मला काल कुणी सांगितलं नाही, परवा नाही. घरात लॅपटॉप आला तेव्हा कळलं.

गोळी घेतली. भूक नव्हती, तरी जेवले. भाकऱ्या चांगल्या झाल्या होत्या.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभी केली. गौरीनं जवळ बसून सगळं नीट सांगितलं. बंगळूर पक्कं नाही. एमआयडीसीतल्या शेठनं तिची एक चादर मशीनवर लावून बघायचं कबूल केलंय. आवडली तर हितलंच काम देणार. "शेठनं घेतली तर मी हितंच राहते आज्जी. न्हाईतर बंगळूर." मग माझ्या जिवात जीव आला. पोरीचं डिझाइन मी बघितलंय. बाभळीची पिवळी फुलं आणि काठाला शेंगा. माझ्या बापाची शेरडं बाभळीखाली तोंड वर करून उभी राहायची, ते मीच तिला सांगितलेलं. कोण घेणार नाही?

आणि शेठची रीत पण चांगली. हवेतनं, म्हणजे इंटरनेटवरनं, डिझाइन मागवत नाही. एका कारखान्याची नक्षी आठ दिवसांत दुसऱ्याच्या मागावर दिसते, म्हणून डिझाइन करणाऱ्यानं स्वतः पेनड्राइव्ह हातात घेऊन यायचं. पहिली पट्टी उतरेपर्यंत मागापाशी उभं राहायचं आणि पेनड्राइव्ह परत घेऊन जायचं. म्हणजे माणूस सोलापुरातच पाहिजे. शहाणा माणूस आहे शेठ. बघितला नाही अजून, पण शहाणा आहे.

एवढा आनंद झाला की रागराग बाजूला ठेवून त्या नव्या सटवीची पण पूजा केली. घरात आलंय, पाडवा आहे, उपाशी का ठेवा. यंत्राची पूजा तोंडाशी करायची असते. जात्याला तोंडाशी, शिलाई मशीनला सुईपाशी. ह्याचं तोंड कुठं ते शोधायला चष्मा लावला. सापडलं. तेलात कालवलेलं कुंकू, हळद, अक्षता. जुन्याची दर दसऱ्याला अशीच करायचे. छान दिसला थोडा वेळ.

श्रीखंड लई आंबट. सु.नं चक्का कुठून आणला कोण जाणे.

२० मार्च, शुक्रवार
दोनातलं एक भोक बंद. आत कुंकू गेलं आणि अक्षतेची कणी. सु. एकदम, "काय केलात हे आत्याबाई!" म्हणलं, पूजा केली. चोरी केली नाही.

विलास घेऊन गेला दुरुस्तीला. मी पण गेले रिक्षात. कुणाच्या हातात देतात ते बघायला नको? दुकानातल्या माणसानं सुई घातली, फुंकर मारली, मान हलवली. "मेलं हे, आजी."
"उघडून पूस की आतनं."
"हे उघडत न्हाय. सगळं चिकटवून टाकलेलं असतंय. एक भोक बदलायचं तर आख्खा पत्रा बदलाय लागतो आतला. कंपनीकडं पाठवा, महिना धरा."
महिना कुठला! एकतीसला शेठकडं जायचं. परत आणला तसाच.

रिक्षात विलास म्हणतो, "आई, एवढं कुंकू कशाला लावायचं?"
जुन्याच्या किती भोकांत किती वर्षं कुंकू गेलं, एक तरी तक्रार केली का त्यानं? देवाच्या कुंकवानं मरणारं यंत्र ते! उद्या घरात फोडणी दिली तर शिंकून मरेल. माझी चूक नाही. लिहून ठेवते, नाही.

गौरी म्हणाली, "एक हाय की अजून" एवढंच. पोरगी माझ्यावर गेली.

२२ मार्च, रविवार
आता त्या एका भोकाचं राज्य. चार्जिंग लावलं तर शेपूट लावता येत नाही. शेपूट लावलं तर चार्जिंग नाही. सकाळपासून काढ-घाल, काढ-घाल. सु.नं विचारलं, दोन्ही बसेल असं शेपूट मिळत नाही का? मिळतं म्हणे, मागवलंय, पण कधी येईल ते सांगत नाहीत. आधी सगळं काढून घ्यायचं आणि मग एकेक करून परत विकत द्यायचं. लोणी काढून घेतलेलं ताक.

शेजारची शांताबाई बघायला आली. "अगं बाई, किती नाजूक!" म्हणाली. नाजूक नवरी लग्नात बरी. पाणी भरायला कोण?

गौरीनं लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला तर शांताबाई टुणकन उठली. चटका! आत पंखाच नाही. पातळ करायचा म्हणून पंखा काढून टाकला. सोलापुरात, मार्च-एप्रिलात, पंख्यावाचून! ज्यानं केला त्याला एकदा आमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवा.

हसले लई. आज दिवस चांगला गेला. शेंगाची चटणी कुटली.

२५ मार्च, बुधवार
गौरीचं दिवसभर काम. मी मुद्दाम तिच्या खोलीत निवडायला बसते. तूर निवडत होते. ती काठाच्या शेंगा सरळ काढत होती.
"सरळ नसती गं. मणी ओवल्यासारखी असती. मधी मधी दबलेली."
"अशी?"
"व्हय, अशी. आता शेरडू खाईल."
मान तिरकी करून बघत राहिली. मग माझ्या गालाला गाल लावला. माझ्या हातात तूर, तिचे केस माझ्या तोंडात.

हे बंगळूरला कसं व्हायचं?

त्या मेल्यानं तेवढ्यात पडदा काळा केला. गरम झाला म्हणून आपोआप मंद होतो म्हणे. घरातली माणसं पण गरम होतात. मंद होऊन कोण बसतं?

२७ मार्च, शुक्रवार
विलास म्हणतो, "आई, निर्जीव वस्तू हाय ती. डूख काय धरतीस तिच्यावर?"
मी म्हणलं, जड वस्तूला घर असतं. पाटा-वरवंटा कुणी पाठीवर टाकून गावाला जातं का? घरात ज्याचं वजन होतं ते मोडनिंबला पाठवलं तुम्ही, आणि आणलं काय, तर पळून जायचं साधन.
विलास म्हणाला, "मीच घेऊन दिलं तिला. तिनं हलकाच मागितला."
बापाच्या तोंडाकडं बघितलं. त्याला पण नकोच आहे ती जायला. मग घेऊन कशाला दिलास रे? विचारलं नाही.

३० मार्च, सोमवार
उद्या एमआयडीसी. मी पण जाणार. सु. म्हणाली, तुम्ही कशाला उन्हात. म्हणलं, लग्नाआधी टॉवेलांच्या दशांना गाठी मारून मारून ह्याच सोलापुरात माझी बोटं झिजली, पण नक्षी उमटताना मी कधी बघितली नाही. नातीची पहिली नक्षी बघणारच. कडक भाकरी, चटणी, दही बांधलं. सिद्धरामेश्वराला इथूनच हात जोडले. काय मागितलं ते लिहीत नाही.

३१ मार्च, मंगळवार
सगळं लिहिते. लांब होईल.

पहाटेपासून पेठेत लाईट नाही. त्या महामायेचं पोट अर्धंच भरलेलं. रिक्षात उन्हानं तापली ती वेगळी. गौरीनं ओढणीत गुंडाळून धरली होती, तान्ह्या बाळासारखी. मला हात लावू दिला नाही.

कारखान्यात आवाज असा की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. मशीनचे फिटर रफिकभाई. पांढरी दाढी, कानात कापूस. मला हातानं थांबवलं. "अम्मा, आगे नको आना, माग चालू है." ऑफिसातून खुर्ची आणून दिली. चांगला माणूस. गौरीनं शेपूट लावून पेनड्राइव्ह भरला, त्यांनी मशीनला लावला. आणि वरून हजारो दोऱ्या अशा खाली-वर व्हायला लागल्या की माझ्या अंगावर काटा आला. वीतभर, मग हातभर. पिवळी फुलं! बाभळीखाली सडा पडतो तशी. मी रडले. आवाजात कुणाला कळलं नाही, ते बरं झालं.

शेठ आला. तेलुगू माणूस, लहान चणीचा, पांढरा शर्ट. मला "अव्वा, नमस्कार" म्हणाला. चादर हातानं चाचपून बघितली. "फुलं चांगली. काठ दबतोय. काठ रुंद करा." गौरी बसली काठ रुंद करायला. पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा पट्टी. "आता जास्त झालं." पुन्हा. असंच चालतं म्हणे पहिल्या दिवशी, तास न् तास. आणि त्या बयेचं पोट रिकामं होत चाललेलं. चार्जर लावायचा तर शेपूट काढ, शेपूट लावायचं तर चार्जर काढ. आणि इतकी तापलेली की चार्जिंग पण मुंगीच्या पावलानं.

रफिकभाई वाकून बघत होते. "बेटी, इसकू एकीच मुँह है क्या? खाएगा के बोलेगा?"
"दोन होती चाचा. एक आज्जीनं देवाला दिलं."
मेली! सगळ्यांसमोर. रफिकभाई दाढी धरून हसले. मी पण हसले, काय करणार.

मग शेवटचा काठ करता करता पडदा काळा. गेला जीव. दाबून बघितलं, हलवून बघितलं. हाताला चटका. माग उभा. माग थांबला की कारखान्यात कशी शांतता होते ती आज ऐकली. भीती वाटते. शेठ घड्याळाकडं बघत होता. "आज उतरलं न्हाय तर माग मला दुसऱ्या मालाला द्यायचाय. मग दिवाळीनंतर बघू."

गौरीचा चेहरा पांढरा पडला. आणि मी खरं तेच लिहिते. माझ्या मनात आधी आलं, बरं झालं मेली तू. सगळ्यांसमोर नाक कापलं तुझं. आणि मग कळलं की नाक माझ्या पोरीचं कापलंय. हा माल गेला तर ती बंगळूर. कुंकू कुणी लावलं होतं?

तेवढ्यात गौरी उठली. "काका, तुमच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर बसू का? माझं काम इंटरनेटवर पण साठतंय, लॅपटॉप मोबाईलच्या नेटला जोडलेला होता सगळा वेळ."
शेठनं तोंड वाकडं केलं. हवेतली डिझाइन! त्याच्या रीतीत बसत नाही. मागाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "आजच्या दिवस बसा."

ऑफिसातला कंप्युटर ट्रंकेएवढा, धुळीनं भरलेला, मागं-पुढं भोकंच भोकं. माझा जीव जडला त्याच्यावर. गौरीनं त्यावर उघडलं, काठ नीट केला, पेनड्राइव्ह सरळ आत. शेपूट नाही, काही नाही. माग सुरू. काठ असा पडला की शेंगेतलं बी मोजून घ्यावं.

शेठनं दोन्ही हातांनी उचलून धरली चादर. "घेतली," म्हणाला.

मी भाकरी सोडली. रफिकभाईंनी चटणी मागून घेतली दुसऱ्यांदा.

१ एप्रिल, बुधवार
अख्ख्या गल्लीला सांगून आले. शांताबाईला दोनदा सांगितलं, तिला कमी ऐकू येतं असं समजून. पेढे वाटले. गौरी राहणार! रात्री पाठ दुखत होती तरी झोप छान.

त्या बयेला गौरीनं कपाटावर ठेवलंय. तिकडं बघून दोन शब्द बोलून घेतले.

३ एप्रिल, शुक्रवार
शेठचा फोन. गौरीनं आवाज मोठा करून मला पण ऐकवला. काम द्यायचं पक्कं. दिवाळीच्या मालाची नक्षी पण हीच करणार. मी हात जोडले. पुढं म्हणतो, "मी विचार केला गौरीताई. त्या दिवशी इंटरनेटवरनंच आलं की शेवटचं. रफिकनं पट्टीचे फोटो मोबाईलवर पाठवले असते तर तुम्ही घरबसल्यापण दुरुस्त केलं असतं. आता काय, कुठूनबी पाठवा. आमी लावून घेतो."

कुठूनबी.

गौरी उड्या मारायला लागली. "आज्जी, दोन्ही जमतंय! बंगळूरला नोकरी, आणि शेठचं काम सुट्टीच्या दिवशी तितनं!" माझ्या दोन्ही हातांना धरून गोल फिरवलं. मी फिरले. काय करणार, पोरगी एवढी आनंदात, तिच्या हाताला झिडकारायचं कसं.

शेठ शहाणा नाही.

आणि सगळं झालं कुणामुळं? दोन भोकांमुळं. जुना असता तर दिवसभर वायर लावून चालला असता, पेनड्राइव्ह गेला असता, शेठची रीत मोडायची वेळच आली नसती. पोरगी हातात पेनड्राइव्ह घेऊन आयुष्यभर एमआयडीसीला जात राहिली असती. ह्या चवळीच्या शेंगेनं मरून दाखवलं आणि मरता मरता वाट उघडून दिली. आणि तिचं एक तोंड मी बंद केलं होतं. हे कुणाला सांगणार नाही.

गोळी दोनदा घेतली काय की, आठवत नाही.

४ एप्रिल, शनिवार
विलास सु.ला म्हणत होता, तिच्या मनात हाय तर जाऊ दे. सु. म्हणत होती, तितं जेवायचं काय. दोघंही माझ्यापुढं बोलत नाहीत. दिवसभर घरात सगळे चालताना पाय हळू टाकतात. कुणी आजारी असल्यासारखं.

शेठनं गौरीला दिलेली पहिली चादर बघितली पुन्हा. अंगावर घ्यायची नाही म्हणून घडी करून ठेवली होती, ती उलगडली. घडी करताना गौरी दुसऱ्या टोकाला आली आपणहून. टोकं धरून जवळ आलो, पुन्हा लांब गेलो, पुन्हा जवळ.

५ एप्रिल, रविवार
उद्या कळवायचं.

दुपारी सगळे झोपले होते. मी चुलीपाशी. गौरी येऊन पाटावर बसली, गुडघे जवळ घेऊन. लहानपणी मार पडला की अशीच बसायची.
"आज्जी, तूच सांग. जाऊ का?"
"मला काय इचारती, मी चौथी शिकल्याली."
"तुलाच इचारणार."
"आई-बापाला इचार."
"त्यांनी तुझ्याकडं पाठवलं."
भाकरी तव्यावर होती. उलटली. पुन्हा उलटली, गरज नव्हती तरी. म्हणलं, "आधी जेव. गार होती."
जेवली. माझ्याकडं न बघता जेवली. ताट घासून ठेवलं, हात पुसले, आणि दारात उभी राहिली जरा वेळ. मी पाठ करून चूल आवरत होते. मग गेली.

हो म्हणायला तोंड उघडत नाही. नको म्हणणं सोपं आहे, एक शब्द. पण मी नको म्हणलं तर ती राहील. कटकट न करता, हसत राहील, आणि माझ्यापुढं कधी बंगळूरचं नाव काढणार नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर नको म्हणायला पण तोंड उघडत नाही.

सकाळी चहाच्या वेळी परत विचारील.